बुटाच्या धंद्याला यंत्र देणारा कृष्णवर्णीय कारागीर : यान मॅट्झेलिगर

आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथे चपला-बूट बनवणारी कितीतरी घरे आहेत. खाली संसार आणि माळ्यावर कारखाना. कोणी रापीने चामडे कापतो, कोणी मशीनवर अपर शिवतो, कोणी सोल चिकटवतो. या सगळ्यांत मान असतो तो फर्म्यावर अपर ताणून बसवणाऱ्या कारागिराला. त्याच्या हाताचा अंदाज चुकला तर बूट वाकडा होतो आणि माल परत येतो.

अभ्यासवर्गात एकदा आम्ही मुलांना शोध लावणाऱ्या माणसांची नावे विचारली. एडिसन, न्यूटन, ग्रॅहम बेल अशी उत्तरे भराभर आली. मग आम्ही विचारले, तुमच्या वडिलांच्या धंद्यात कोणी शोध लावला आहे का? वर्ग गप्प झाला. आठवीतला एक मुलगा म्हणाला की, आमच्या धंद्यात कसला शोध लागणार, ते तर नुसते हाताचे काम आहे. त्याचे वडील पंचवीस वर्षे बूट बनवत आहेत.

त्या मुलाचे म्हणणे आमच्या मनात रुतून बसले. हाताचे काम म्हणजे बुद्धी नसलेले काम, हे त्याला कोणी शिकवले? कोणीच नाही, आणि सगळ्यांनीच. म्हणून पुढच्या वर्गात आम्ही त्या मुलांना एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच इथे सविस्तर मांडत आहोत. यान अर्न्स्ट मॅट्झेलिगर हे त्या माणसाचे नाव. अमेरिकेत त्यांना जॅन म्हणत.

गुलामांच्या देशात जन्म

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सुरिनाम नावाचा छोटा देश आहे. त्या काळी ती डचांची वसाहत होती आणि तिला डच गयाना म्हणत. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना तिथल्या ऊस, कॉफी आणि कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवले जाई. या वसाहतीची राजधानी पारामारिबो. तिथे १५ सप्टेंबर १८५२ रोजी यान यांचा जन्म झाला.

वडील डच अभियंता होते. वसाहतीच्या सरकारी यंत्रशाळांवर त्यांची देखरेख असे. आई आफ्रिकी वंशाची कृष्णवर्णीय स्त्री होती. गोऱ्या बापाचे आणि काळ्या आईचे मूल त्या समाजात कुठे बसते हे वेगळे सांगायला नको. बापाकडून थोडी संधी मिळे, पण कातडीचा रंग आईचाच ठरे. लहानपणीच यान यांना वडिलांच्या बहिणीकडे राहायला पाठवले गेले. म्हणजे आईचा सहवास त्यांना फार थोडा मिळाला.

वयाच्या दहाव्या वर्षी ते वडिलांच्या यंत्रशाळेत उमेदवारीला लागले. लेथ, दातेरी चाके, लिव्हर, कानस ही त्यांची पाटी आणि पुस्तके होती. दहा वर्षांच्या मुलाला कारखान्यात घालणे चांगले असे आम्ही म्हणत नाही. पण यंत्र आतून कसे चालते, एक भाग हलला की दुसरा का हलतो, ही समज त्यांना तिथेच मिळाली आणि ती जन्मभर पुरली.

यान अकरा वर्षांचे होत असताना, १ जुलै १८६३ रोजी, सुरिनाममध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पण कशी संपली ते पाहण्यासारखे आहे. डच सरकारने प्रत्येक गुलामामागे ३०० गिल्डर इतकी भरपाई दिली, आणि ती मालकांना दिली. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या घाम गाळला त्यांना काहीच मिळाले नाही. उलट बहुतेकांना आणखी दहा वर्षे करार करून मळ्यांवर काम करण्याची सक्ती झाली. १८७३ मध्ये ही सक्ती संपली आणि त्याच वर्षी ५ जून रोजी लल्ला रूख नावाचे जहाज कलकत्त्याहून हिंदी मजुरांना घेऊन पारामारिबोला पोचले. गुलामांच्या जागी करारबद्ध मजूर आले. आजही सुरिनाममध्ये त्यांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत. यान यांनी मात्र त्याआधीच आपली जन्मभूमी सोडली होती.

समुद्रावरून अमेरिकेत

१८७१ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, यान एका डच व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून चढले. यंत्रांची जाण असल्यामुळे तिथेही त्यांचा उपयोग होई. दोन वर्षे समुद्रावर काढून ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला उतरले आणि तिथेच राहिले. हे साधारण १८७३ साल.

हे साल आपल्याही ओळखीचे आहे. याच वर्षी महात्मा फुले यांनी गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. पुण्यात बसून जोतीराव ज्या अमेरिकेकडे आशेने पाहत होते, त्याच अमेरिकेत यान नावाचा एक काळा तरुण काम शोधत हिंडत होता. गुलामगिरी तिथे १८६५ मध्ये कायद्याने संपली होती, पण कुशल कामाची दारे काळ्या माणसाला सहज उघडत नव्हती. यंत्रशाळेत तयार झालेल्या यान यांना मिळेल ते किरकोळ काम करावे लागले. इंग्रजी त्यांना फारसे येत नव्हते. अखेर एका चांभाराकडे ते बूट शिवायला शिकले. यंत्रांचा माणूस चामड्याच्या धंद्यात आला तो असा.

बुटाच्या धंद्यात राहायचे तर लिन शहरात जावे, असे त्यांच्या कानावर आले. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनजवळ असलेले लिन म्हणजे तेव्हा अमेरिकेतील बूटनिर्मितीचे मोठे केंद्र. स्त्रियांच्या बुटांसाठी तर ते विशेष प्रसिद्ध होते. १८७७ च्या सुमारास यान लिनला पोचले.

लिन : बुटांचे आणि संपांचे शहर

लिनमध्ये पूर्वी घरामागे एखादी छोटी खोली असे आणि तिच्यात चार-पाच कारागीर मिळून बूट बनवत. घरातल्या बायका अपर शिवून देत. आपल्या वस्तीतली व्यवस्था आठवावी. मग शिवणयंत्रे आली, कारखाने आले आणि घरची कामे तिकडे गेली. मजुरी घसरली म्हणून २२ फेब्रुवारी १८६० रोजी लिनच्या बूट कामगारांनी संप पुकारला. तो न्यू इंग्लंडभर पसरला. ७ मार्चला बर्फ पडत असताना शेकडो कामगार स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. यादवी युद्धापूर्वीचा अमेरिकेतला हा सर्वांत मोठा संप मानला जातो.

याच शहरात गुलामगिरीविरोधी चळवळही जोरात होती. गुलामीतून पळालेले थोर नेते फ्रेडरिक डग्लस १८४० च्या दशकात लिनमध्ये राहिले आणि त्यांनी आपले पहिले आत्मचरित्र तिथेच लिहिले. पण याच लिनच्या रेल्वे स्थानकात १८४१ मध्ये डग्लस यांना डब्यातून ओढून बाहेर काढण्यात आले होते, कारण काळ्यांसाठी राखलेल्या डब्यात बसायला त्यांनी नकार दिला होता. एका हाताने पुढे नेणारे आणि दुसऱ्या हाताने ढकलणारे असे हे शहर होते. यान यांच्या वाट्याला पुढे दोन्ही हात आले.

हार्नी ब्रदर्स नावाच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले. मॅके यंत्रावर सोल शिवण्याचे ते काम होते. दिवसाचे दहा तास कारखान्यात काढायचे, रात्रीच्या शाळेत इंग्रजी शिकायचे आणि खोलीवर येऊन वाचत बसायचे, असा त्यांचा क्रम होता. पोटाला चिमटा काढून त्यांनी पदार्थविज्ञानाची पुस्तके आणि नकाशे काढायच्या साहित्याची एक पेटी घेतली. त्यांना चित्रकलेचीही आवड होती. चित्रे काढून ते मित्रांना भेट देत.

ज्या कामाला यंत्र जमत नव्हते

इथे थोडे तांत्रिक सांगायला हवे, नाहीतर यान यांचे मोठेपण कळणार नाही.

बूट बनवायचा तर पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा लागतो. आतला तळ फर्म्याच्या खाली बसवतात. वरून अपर चढवतात आणि पकडीने त्याची कड चहूबाजूंनी खाली ओढून, तळावर दुमडून, चुका ठोकून पक्की करतात. यालाच लास्टिंग म्हणतात. बाजूला हे काम सोपे असते. पण टाचेला आणि विशेषतः चवड्याला चामडे गोल वळवावे लागते. तिथे जास्तीचे चामडे गोळा होते. त्याच्या बारीक सारख्या चुण्या पाडाव्या लागतात, आणि वरून बूट मात्र गुळगुळीत दिसला पाहिजे. जास्त ओढले तर चामडे फाटते, कमी ओढले तर सुरकुती राहते. प्रत्येक चामडे वेगळे असते आणि त्याची ओढ कारागिराच्या बोटांनाच कळते.

१८७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बूट बनवण्याची बहुतेक कामे यंत्रावर गेली होती. कापणी, शिवण, सोल लावणे हे सगळे झपाट्याने होई आणि माल लास्टिंगपाशी येऊन तुंबे. चांगला लास्टर दहा तासांत साधारण पन्नास जोड करी. त्याहून जास्त होत नसे. त्यामुळे लास्टर हे कारखान्यातले सर्वांत वजनदार कामगार होते. त्यांना मजुरी चांगली मिळे आणि त्यांची संघटना भक्कम होती. आपले काम कोणत्याही यंत्राला कधीच जमणार नाही असा त्यांचा ठाम विश्वास होता. तो विश्वास अगदीच खोटा नव्हता. अनेकांनी पैसे ओतून प्रयत्न केले होते आणि चवड्याच्या चुण्यांपाशी सगळे हरले होते.

सिगारचे खोके आणि सहा महिने

यान यांनी हे आव्हान मनावर घेतले. त्यांच्याकडे पैसा नव्हता, प्रयोगशाळा नव्हती, ओळखीपाळखी नव्हत्या. पण दोन गोष्टी एकत्र होत्या ज्या इतर कोणाकडे नव्हत्या. एक म्हणजे यंत्रशाळेतली लहानपणापासूनची तालीम, आणि दुसरी म्हणजे कारखान्यात रोज लास्टरच्या हातांशेजारी उभे राहण्याची संधी. ज्यांनी आधी प्रयत्न केले त्यांच्यापैकी कित्येकांना यंत्र कळत होते, पण चामडे कळत नव्हते. लास्टरना चामडे कळत होते, पण यंत्र नको होते.

यान लास्टरचे हात निरखत राहिले. बोटे कुठे पकडतात, मनगट किती वळते, चूक कधी ठोकली जाते. रात्री खोलीवर येऊन ते त्या प्रत्येक हालचालीचे चित्र काढत आणि ती हालचाल लोखंडाकडून कशी करून घेता येईल याचा विचार करत. पहिला नमुना त्यांनी सिगारची रिकामी खोकी, लाकडाचे तुकडे, तारा आणि खिळे यांचा केला. त्याला सहा महिने लागले. १८८० साल होते ते.

नमुना कच्चा होता, पण कल्पना पक्की होती. कोणीतरी त्याचे ५० डॉलर देऊ केले. यान यांनी नकार दिला. मग त्यांनी भंगारातले लोखंडी भाग मिळवून, घासून-कानसून दुसरा नमुना उभा केला. चवड्याला चुण्या पाडणाऱ्या त्याच्या एका भागासाठी १५०० डॉलर देऊ करण्यात आले. त्यांनी पुन्हा नकार दिला. त्या काळात ते दिवसाला पाच सेंटच्या अन्नावर भागवत होते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. उपाशी माणसाने १५०० डॉलरना नाही म्हणणे ही काय गोष्ट आहे, हे महिनाअखेरीला सावकाराच्या दारात उभे राहिलेल्या कारागिराला विचारावे.

पण नकाराने पोट भरत नाही आणि यंत्रही पुरे होत नाही. पूर्ण आकाराच्या यंत्राला पैसा हवा होता. लिनमधल्या मेल्विल निकोल्स आणि चार्ल्स डेल्नो या दोघांनी तो पुरवायचे कबूल केले. बदल्यात त्यांनी मालकीचा दोन तृतीयांश वाटा मागितला. यान यांनी तो दिला. बुद्धी, श्रम आणि उपास ज्याचे, त्याच्याकडे एक तृतीयांश राहिला.

पेटंट क्रमांक २७४२०७

यंत्राचे आराखडे वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात गेले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना ते नीट उमगेनात. इतकी गुंतागुंत, आणि जे काम आजवर कोणालाच जमले नाही ते जमल्याचा दावा. शेवटी कार्यालयाने एक माणूस लिनला पाठवला. त्याने यंत्र चालताना डोळ्यांनी पाहिले आणि मगच खात्री पटली. २० मार्च १८८३ रोजी यान मॅट्झेलिगर यांना पेटंट मिळाले. तेव्हा त्यांचे वय होते तीस.

यंत्र फर्मा धरून ठेवी. त्याची पकड चामड्याची कड चिमटीत घेऊन खाली ओढी, कड तळावर दुमडे, चूक ठोकी आणि बूट पुढे सरकवी. चवड्याशी चुण्याही बरोबर पाडी. यान यांनी आणखी दोन वर्षे सुधारणा केल्या. २९ मे १८८५ रोजी कारखान्यात जाहीर चाचणी झाली आणि त्यात स्त्रियांच्या बुटांचे ७५ जोड विनातक्रार तयार झाले. पुढे हेच यंत्र दिवसाला १५० पासून ७०० जोडांपर्यंत काम करू लागले. जिथे पन्नासला माणूस थकत होता, तिथली ही मजल होती.

याचा परिणाम साऱ्या धंद्यावर झाला. बुटांचे दर खाली आले. ज्या घरांत एकाच जोडावर वर्षे काढावी लागत, तिथे धड बूट येऊ लागले. अनवाणी पायांना काय त्रास होतो हे आपल्या समाजाला समजावून सांगायची गरज नाही.

समाजमाध्यमांवर अधूनमधून अशी पोस्ट फिरते की यान यांनी बुटाचाच शोध लावला. ते खरे नाही, आणि त्याची गरजही नाही. त्यांनी नेमके केले ते एवढे की, धंद्यातली सर्वांत अवघड पायरी त्यांनी यंत्राला शिकवली. आपल्या माणसांचे मोठेपण सांगताना आपण खऱ्याला धरून राहिलो तर ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

देवाच्या दारातही रंग

यान धार्मिक वृत्तीचे होते. लिनला आल्यावर त्यांनी चर्चमध्ये जायचे ठरवले. एपिस्कोपल, युनिटेरियन आणि कॅथलिक अशा तीन पंथांच्या चर्चनी त्यांना वर्णामुळे सामावून घेतले नाही. ज्या शहरात गुलामगिरीविरुद्ध सभा गाजल्या, तिथली ही गोष्ट आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्यांना माहीत आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

अखेर नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चच्या तरुणांच्या मंडळाने त्यांना आपल्यात घेतले. तिथे ते रविवारच्या शाळेत मुलांना शिकवू लागले. त्यांना थोडे मित्र मिळाले, थोडे आपलेपण मिळाले. लग्न त्यांनी केले नाही.

कारखान्याच्या जगात मात्र अपमान सुटला नाही. त्यांच्या यंत्राला धंद्यात जे नाव पडले त्यात काळ्या माणसासाठी वापरली जाणारी शिवीच होती. ते नाव आम्ही इथे लिहीत नाही. ज्या यंत्राने कारखानदारांना श्रीमंत केले, त्याला हाक मारताना ते त्याच्या निर्मात्याला रोज शिवी देत होते. आपल्याकडे माणसाच्या कामावरून जात ठरवतात आणि मग त्या जातीचे नावच शिवी म्हणून वापरतात. प्रकार तोच आहे.

छत्तीस वर्षांचे आयुष्य

वर्षानुवर्षांच्या उपासांनी आणि जागरणांनी शरीर आतून पोखरले होते. १८८६ मध्ये सर्दीचे निमित्त झाले आणि आजार हटेना. तो क्षय निघाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. अंथरुणावरूनही त्यांनी चित्रे काढणे आणि यंत्राच्या सुधारणांवर काम करणे सोडले नाही. २४ ऑगस्ट १८८९ रोजी, वयाची सदतीस वर्षे पुरी व्हायला तीन आठवडे असताना, त्यांचे निधन झाले. लिनच्या पाइन ग्रोव्ह स्मशानभूमीत त्यांना पुरले. त्यांच्या नावावर एकूण पाच पेटंटे आहेत. त्यांतली चार त्यांच्या मृत्यूनंतर मंजूर झाली.

मृत्युपत्रात त्यांनी मित्रांची आठवण ठेवली. आपल्या शेअर्सचा मोठा भाग त्यांनी नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चला दिला. ज्या चर्चनी आपल्याला नाकारले त्यांना यातले काही मिळू नये, अशी त्यांची अट होती. पुढे याच शेअर्सच्या पैशातून त्या चर्चने आपले कर्ज फेडले. यान यांनी कोणाविरुद्ध भाषण केले नाही, मोर्चा काढला नाही. पण अपमान झाला होता आणि तो आपण विसरलो नाही, हे त्यांनी कायद्याच्या कागदावर लिहून ठेवले.

यंत्र कोणाचे झाले?

यंत्राचा व्याप वाढवायला आणखी भांडवल लागले आणि जॉर्ज ब्राउन, सिडनी विन्स्लो हे नवे भांडवलदार आले. नवी कंपनी निघाली. यान यांना हक्कांच्या बदल्यात शेअर्स मिळाले, पण कारभार इतरांच्या हाती गेला. १८९९ मध्ये अनेक कंपन्या एकत्र करून युनायटेड शू मशिनरी कंपनी उभी राहिली आणि विन्स्लो तिचे अध्यक्ष झाले. अमेरिकेतल्या बूट यंत्रांच्या धंद्यावर तिने पुढे कित्येक दशके हुकमत गाजवली. ती महत्त्वाची यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. म्हणजे बूट कोणीही बनवो, हिस्सा तिला मिळे. एवढी मक्तेदारी झाली की अमेरिकन सरकारला तिच्याविरुद्ध कोर्टात जावे लागले.

आणि लास्टरचे काय झाले? ज्यांच्या बोटांची नक्कल करून यंत्र उभे राहिले, त्यांच्या कसबाची किंमत घसरली. आमच्या वर्गातल्या मुलांनीही हाच प्रश्न विचारला. यंत्राने कामगाराचे काम गेले, मग यानना चांगले कसे म्हणायचे?

प्रश्न रास्त आहे. आमच्या वस्तीतही तयार साच्याचे स्वस्त बूट बाजारात आले आणि कितीतरी माळे बंद पडले. याचे उत्तर शोधताना आम्हाला बाबासाहेबांची मांडणी उपयोगी पडते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले या विषयावरच्या १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्राचा प्रश्न घेतला आहे. त्यांच्या मते दोष यंत्राचा नाही. यंत्रामुळे माणसाला जनावरासारखे राबण्यातून सुटका मिळू शकते, फुरसत मिळू शकते, आणि फुरसतीशिवाय शिक्षण-संस्कृती नाही. दोष आहे तो यंत्राचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा. ती बदलायला हवी.

यान यांचे आयुष्य या मांडणीचा जिवंत दाखला आहे. त्यांच्या यंत्राने लास्टरचे कष्ट वाचवले, पण वाचलेल्या कष्टांचा मोबदला लास्टरला मिळाला नाही आणि यान यांनाही पुरता मिळाला नाही. तो भांडवल लावणाऱ्यांकडे गेला. गोऱ्या लास्टरला वाटले की आपले काम एका काळ्या माणसाने घेतले. खरा हिशेब कंपनीच्या वहीत होता आणि तिथवर कोणी पाहिले नाही. कष्टकऱ्यांना वर्णावरून किंवा जातीवरून एकमेकांसमोर उभे केले की हे असेच होते. बाबासाहेब जातीला केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हणत, ते यासाठीच.

आठवण उशिरा आली

यान यांचा गौरव मरणोत्तर झाला. १९०१ मध्ये बफेलो इथल्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात त्यांच्या यंत्राला सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर अनेक दशके त्यांचे नाव मोजक्या अभ्यासकांपुरतेच उरले. १९८४ मध्ये लिनमधल्या एका पुलाला त्यांचे नाव देण्यात आले. १९९१ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांचे २९ सेंटचे तिकीट काढले. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय शोधक सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला. मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी त्यांच्या देशाने त्यांना पूर्ण ओळखले.

ही गोष्ट संपली तेव्हा आमच्या वर्गातला तो मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो वडिलांचा जुना फर्मा पिशवीत घालून घेऊन आला आणि चवड्याच्या चुण्या कशा पाडतात ते त्याने सगळ्यांना दाखवले. बापाचा धंदाच त्याने पुढे करावा असे आम्हाला मुळीच वाटत नाही. त्याने हवे ते शिकावे, हवे ते व्हावे. पण बापाच्या हातात अक्कल आहे हे त्याला कळले पाहिजे, आणि त्या अकलेची मालकी कोणाकडे जाते हे विचारायला त्याने शिकले पाहिजे. यान मॅट्झेलिगर यांची ५० डॉलर आणि १५०० डॉलर नाकारण्याची गोष्ट आम्ही म्हणूनच दर वर्षी नव्या मुलांना सांगतो. दोन तृतीयांश वाटा गेल्याची गोष्टही त्याच वेळी सांगतो. दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.